भाऊजी, पेटी धुवून ठेवली आहे

भाऊजी, परवा मी तुमची बर्फाची पेटी धुतली. काल फ्रिज दुरुस्तीवाल्या सलीमभाईनं तिची थंडी ठरवणारा कंट्रोल बदलला. आता तिच्यात बर्फ होत नाही, आइस्क्रीम होत नाही, कुल्फी होत नाही. नुसतं गार राहतं, तुमच्या बायकोच्या, माझ्या अक्काच्या, इन्सुलिनच्या बाटल्या टिकतील एवढं गार. तुम्ही इतकी वर्षं ज्याला नाही म्हणत आलात ते मी तुमचं तेरावं होऊन महिना सरायच्या आत करून टाकलं. आणि दहाव्याला, मोर्णा नदीच्या काठावर, चारचौघांदेखत मी तुम्हाला याच्या नेमका उलटा शब्द दिला होता. हे सगळं तुम्हाला कळवायला बसलो आहे. माफी मागायला बसलेलो नाही, हे आधीच सांगतो.

तो दिवस आधी घेतो, कारण तुम्हाला त्यातली तुमची बाजू तेवढी ठाऊक असणार. ऊन चढलं होतं. तुमच्या पुतण्यानं, मधूनं, पिंड मांडले आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळे होते. समोरच्या बाभळीवरून खाली उतरत होते, पिंडाभोवती चालत होते आणि शिवत नव्हते. मधू म्हणाला, "काका, काकूले मी सांभाळीन." कावळे बाजूला झाले. तुमचे चुलतभाऊ पुढे येऊन म्हणाले, तुमच्या नावानं काशी करू. एक कावळा तर उडूनच गेला. गुरुजींनी दर्भ काढून ठेवला होता. थोडं थांबू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ, असं ते म्हणाले. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, "पेटीत जीव अडकला हाये त्याईचा."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पेटीवरून तुमचं माझं किती वर्षं वाजत होतं हे अकोल्याच्या जुन्या शहरात कोणाला माहीत नव्हतं? माझे पाय भाजत होते. म्हातारी माणसं सावली शोधत होती. आणि मी, कोर्टात दुसऱ्यांच्या शब्दांची चिरफाड करून पोट भरणारा माणूस, हात जोडून म्हणालो, "भाऊजी, तुमची पेटी आहे तशी चालू राहील. तिला मी कोणाला हात लावू देणार नाही." वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, कावळा पिंडावर होता.

"पाह्यलं का," मागचा म्हणाला, "वकीलसाहेबाकडूनच पाहिजे होतं त्याईले."

लोक हसले. दहाव्याला हसले, भाऊजी. मेल्यावरसुद्धा तुम्ही माझ्याविरुद्ध निकाल लावून घेतलात, आणि तोही माझ्याच तोंडून.

घरी येताना माझ्या मनात दुःख नव्हतं. तुम्ही गेलात त्या दिवशी होतं, खूप होतं. पण घाटावरून परतताना मी फक्त एवढंच ठरवत होतो की हा शब्द मी मोडणार. आणि तुम्हाला कळेल असा मोडणार.

पेटी आली तो दिवस मी विसरलेलो नाही. नागपूरच्या कोण्या हॉटेलवाल्यानं जुनी म्हणून काढली होती. अकोल्याच्या मालधक्क्यावर हमाल तिला कपाट समजून उभी करायला लागले तेव्हा तुम्ही धोतर सावरत धावलात. "आडवीच राहू द्या बाप्पा, आडवी. जनावर हाये ते." बैलबंडीत कडबा पसरून तिला बसवली आणि स्टेशनापासून जुन्या शहरापर्यंत एका बाजूनं तुम्ही, दुसऱ्या बाजूनं मी, हात लावून चालत आलो. मोर्णेच्या पुलावर लोक विचारत होते, हे काय म्हणून. तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात, "उन्हाळा कोंडून ठेवाची पेटी हाये." त्या दिवशी तुमच्याइतका खूश माणूस अख्ख्या वऱ्हाडात नसेल. मीही खूश होतो. हे लिहिलं नाही तर मी खोटा ठरेन.

त्याआधी तुम्ही बर्फ आणि मीठ घातलेल्या लाकडी भांड्यात आइस्क्रीम करत होतात आणि त्याचा दांडा अक्का फिरवत होती. पेटी आल्यावर अक्काचा दांडा सुटला, पण दूध आटवायचं तिच्याकडेच राहिलं. मोर्शीकडची संत्री यायची, त्यांच्या फोडी सोलायच्या, बिया काढायच्या, हे सगळं तिचंच. संत्र्याचं आइस्क्रीम अकोल्यात पहिल्यांदा आपण केलं असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात. "आपण" म्हणायचात. एवढं तुमच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

मग अक्काला साखरेचा रोग निघाला. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि सांगितलं, थंड जागी ठेवा. तुम्हाला केवढं हायसं वाटलं होतं. थंड जागा तर आपल्याच घरात, पुढच्या खोलीत. तुम्ही त्या बाटल्या माझ्या देखत पेटीच्या तळाशी, कुल्फीच्या साच्यांखाली, अगदी जपून ठेवल्या. त्या गोठून दगड झाल्या. तुम्ही त्या हातात चोळून पातळ केल्या, आणि अक्का रोज सकाळी काचेच्या सिरिंजनं ते टोचून घेत राहिली. लघवी तपासायच्या नळीत निळं औषध टाकून ती स्टोव्हवर धरायची. निळंच राहिलं तर बरं, हिरवं झालं तर सांभाळायचं. ते रोज विटकरी होत होतं. शेवटी चक्कर येऊन ती दुधाच्या कढईपाशी पडली. डॉक्टरांनी विचारलं, औषध ठेवता कुठं? तुम्ही अभिमानानं सांगितलंत. ते डोक्याला हात लावून म्हणाले, गोठलेलं इन्सुलिन म्हणजे नुसतं पाणी. त्या पेटीत ठेवू नका.

त्या चुकीसाठी मी तुम्हाला कधी बोललो नाही. वैशाखातल्या वऱ्हाडात जन्म काढलेल्या माणसाला जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, हे कोणी शिकवावं लागत नाही. मीही तेच केलं असतं. माझा राग त्याच्या पुढचा आहे. डॉक्टरांनी "त्या पेटीत ठेवू नका" म्हटलं, तेवढं वाक्य तुम्ही घट्ट धरून ठेवलंत. ओल्या वाळूत एक माठ पुरलात, त्यात बाटल्या ठेवल्या, आणि तुमच्यापुरता प्रश्न मिटला.

सलीमभाईनं तेव्हाच सांगितलं होतं की पेटीतला एक भाग बदलला तर तिचा फ्रिज होतो. बर्फ होणार नाही, पण औषध टिकेल. नवा फ्रिज घेणं तुमच्या-माझ्या ऐपतीबाहेरचं होतं, हे होण्यासारखं होतं. मी अमरावतीहून खास त्यासाठी आलो. तुम्ही दुकानाच्या फळीवर बसून संत्री सोलत होतात.

"वकीलसाहेब, डॉक्टरच म्हनते पेटीत नको. आता डॉक्टरले खोटं पाडता का?"

"पेटीत नको म्हणाले. फ्रिजमध्ये ठेवा असंही म्हणाले."

"अन् बर्फ?"

"बर्फ होणार नाही."

"मंग मी काय विकू? गार पानी? ते तं माठातबी होते."

"अक्काच्या जिवाचं काय?"

"तिच्यासाठीच तं माठ हाये. सकाळ-संध्याकाळ वाळू मी सोता ओली करतो. तुमी येता का अमरावतीहून वाळू भिजवाले?"

 खरंच तुम्ही स्वतः भिजवायचात. उत्तर मला आत्ता सुचतं आहे. वाळू भिजवणारा माणूस चांगलाच असतो भाऊजी, पण पेटी घरात असताना वाळू भिजवत बसणाऱ्याला काय म्हणायचं? हे तुमच्या तोंडावर बोलायचं राहून गेलं. आता ऐका.

त्यानंतर दर वर्षी तुमचं एकच उत्तर. यंदाची लग्नसराई होऊन जाऊ द्या. साखर कंट्रोलमध्ये, रेशनवर मिळायची तेव्हा अक्काच्या वाट्याची साखरसुद्धा तुमच्या रबडीत गेली. "मले तशीबी काय करायची," ती म्हणाली होती आणि तुम्ही हसला होतात. मी हसलो नव्हतो. तुम्हाला ते दिसलंही नसेल.

मग तो वैशाख आला. माठातलं पाणीसुद्धा कोमट लागत होतं. बाटलीतल्या औषधात पांढरे कण दिसायला लागले आणि अक्का तेच घेत राहिली, कारण दुसरं नव्हतं. एका लग्नाच्या ऑर्डरीसाठी दूध आटवताना कढई कलंडली आणि तिचा पाय भाजला. जखम भरेना. मी तिला अमरावतीला घेऊन आलो, दवाखान्यात ठेवलं, आणि तिथं तिच्या पायाची दोन बोटं काढली. तुम्ही दर रविवारी यायचात. तिच्या उशाशी बसून संत्र्याची फोड सोलायचात आणि तिला गोड चालत नाही हे आठवलं की स्वतःच खायचात. एका रविवारी मी तिच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बोट दाखवून विचारलं, "आता तरी?"

तुम्ही फोड हातात धरून म्हणालात, "यंदाची लग्नसराई होऊन जाऊ द्या, वकीलसाहेब. ऑर्डरी घेऊन ठेवल्या हायेत."

मी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही माझ्याशी टाकलं नाहीत. दिवाळीला आलात, माझ्या ओट्यावर बसलात, मी आतून आलो नाही तर माझ्या बायकोशी बोलून गेलात. तिला जाताना म्हणालात, "राग मानूस घरातल्यावरच धरते." हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, त्यांना म्हणावं मी घरातला नाही. ते तुम्हाला तिनं सांगितलं नसावं. म्हणजे तेही राहूनच गेलं.

आता जे लिहायला हात धजत नाही तेही लिहितो. माझी कुंदा लहान असताना मुदतीच्या तापानं फणफणली होती. अमरावतीचा बर्फाचा कारखाना नेमका त्या आठवड्यात बंद. मी तुम्हाला तार केली. तुम्ही पेटीतला सगळा बर्फ फोडून लाकडाच्या भुशात घातला, पोत्यात बांधला आणि सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून, तिथून अमरावतीची गाडी पकडून, ते गळतं पोतं पोटाशी धरून घरी आलात. पहिला तुकडा तिच्या कपाळावर तुम्हीच ठेवलात. तुमची बोटं इतकी बधिर झाली होती की कप धरता येईना. माझ्या बायकोनं चहा तुमच्या तोंडाला लावला. त्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती, तीही तुम्ही सोडून आला होतात, हे मला कितीतरी दिवसांनी अक्काकडून कळलं. कुंदा आता कॉलेजात जाते. तुम्ही हे मला एकदाही ऐकवून दाखवलं नाहीत. दाखवलं असतं तर बरं झालं असतं. कुठंतरी फिटलं असतं.

आणि एकटी माझी कुंदाच का? जुन्या शहरात कोणाच्याही घरी ताप आला की वाटी घेऊन माणूस तुमच्या दारात. हिंदू असो, मुसलमान असो, ओळखीचा असो, नसो, तुम्ही बर्फ फोडून द्यायचात. सगळ्या गावाच्या कपाळाला तुमचा बर्फ आणि तुमच्या बायकोला माठ. हे मला अजून समजत नाही. पूर्वी समजून घ्यायची इच्छा होती. आता तीही राहिलेली नाही.

तर परवाचं सांगतो. चैत्र तोंडावर आला होता. अक्काच्या माठाचा गारवा आणखी थोडे दिवस पुरणार, मग पुन्हा तेच पांढरे कण. सलीमभाईला निरोप दिला तर तो म्हणाला, "वकीलसाब, कल आता. लेकिन पहले पेटी धो के, सुका के रखो. गंदी पेटी को मैं हाथ नहीं लगाता. और एक बात, बर्फ निकालने को पेचकस मत चलाना. अंदर का पत्रा फटा तो गैस गया, और गैस गया तो पेटी में कपडे रखना."

मी प्लग काढला. तिची घरघर थांबली. झाकण काठी लावून उघडं ठेवलं. आत तुमच्या हातचा शेवटचा डबा होता, संत्र्याचा. सुतकात कोणी खाल्ला नाही आणि नंतर कोणाला आठवण झाली नाही. मी तो उचलला, बाहेर गेलो आणि गटारात पालथा केला. तो पडेना. मी बुडावर थापटलं, तेव्हा एकसंध गोळा खाली पडला आणि केशरी पाणी होऊन वाहायला लागला. एक कुत्रं येऊन चाटायला लागलं. मी त्याला हाकललं नाही. उभा राहून पाहत होतो. मनात म्हणत होतो, बघा.

अक्का दारात आली. "सांडला का फेकला?"

"फेकला."

"मंग डबा घासून आन. झाकन कुठी पडलं ते पाह्य."

भिंतींना बोटभर जाडीचा बर्फ होता. अक्कानं आतून गरम पाण्याची पातेली उंबऱ्यापर्यंत आणून दिली, ती मी तळाशी ठेवली आणि लाकडी उलथण्यानं खरवडायला लागलो. वरचा थर भसाभस सुटला. खालचा सुटेना. कोपऱ्यात तर तो जुना, पिवळट, काचेसारखा झाला होता. उलथणं घसरत होतं. अक्का पाणी तापवायला आत गेली होती. तुमची हत्यारांची पिशवी खुंटीला होती. मी पेचकस काढला.

इथं मला खरं लिहायचं आहे, भाऊजी, नाहीतर या लिहिण्याला काही अर्थ नाही. तो पेचकस मी बर्फ काढायला घेतला नव्हता. मी त्याचं टोक पत्र्यावर टेकवलं आणि दुसऱ्या हातात बत्ता घेतला. एक घाव घातला की गॅस जाणार, आणि तुमची पेटी कायमची मरणार. ना बर्फ, ना कुल्फी, ना तुमचं नाव. माझ्या अंगात आनंद भरला होता. त्या क्षणी मला फक्त तुम्ही दिसत होतात. अक्का दिसत नव्हती. तिचा पाय, तिच्या बाटल्या, येणारा उन्हाळा, काहीही नाही. तुम्हाला लग्नसराईपुढे ती दिसली नाही आणि मला तुमच्यापुढे दिसली नाही. मी हात खाली घेतला तो सद्बुद्धी सुचली म्हणून नव्हे. आतून तिचा आवाज आला म्हणून. "बापू, पातेलं धरायले ये. मले उंबऱ्यावरून उचलता येत नाही."

मी पेचकस पिशवीत ठेवला आणि गेलो. त्याबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगतो आहे. तुमच्याशिवाय ते कोणाला समजेलसं वाटत नाही.

नंतर ती स्टुलावर येऊन बसली आणि मला कामाला लावलं. "कोपऱ्यात पाह्य. रबराच्या घडीत बोट घाल. तिथंच घान असते." खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून फडक्यानं पुसत गेलो. झाकणाच्या रबरात काळी बुरशी होती, ती दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढली. आंबलेल्या दुधाचा, वेलदोड्याचा आणि गंजाचा वास येत होता. तळाशी एखादं गुपित सापडेल असं मला उगाच वाटत होतं. सापडल्या त्या संत्र्याच्या बिया, लाकडी चमच्यांचे तुकडे आणि कुल्फीच्या साच्याचं एक टोपण. एका जागी गुलाबी डाग होता, तो काही केल्या जाईना.

"ते गुलाबाचं हाये," अक्का म्हणाली. "एकदा केलं होतं त्याईनं. कोनी खाल्लं नाही. मंग चिडून मलेच म्हने, तू चाखून पाह्य, काय कमी हाये ते सांग."

"तू चाखलंस?"

"मले साखर चालत होती का? नुसता वास घेतला. म्हटलं मस्त हाये."

मी डाग घासत राहिलो.

पेटी जवळजवळ साफ झाली तेव्हा मागच्या गल्लीतली जमिलाबी वाटी घेऊन आली. तिच्या नातवाला ताप होता. मी बादलीतला खरवडलेला बर्फ पंच्यात बांधून दिला. "थोडा और डालो भाऊ, तुम्हारे भाऊजी तो बडा डल्ला देते थे." मी होता तेवढा सगळा दिला आणि सांगितलं, आता यापुढे इथं बर्फ मिळणार नाही. ती पेटीकडे पाहत राहिली. "फिर किधर जाना?" मी म्हटलं, स्टेशनाकडे डेपो आहे. "उतना दूर," ती म्हणाली. एवढंच. पाणी टपकत टपकत ती गल्लीतून गेली, आणि भाऊजी, तेवढ्यापुरते तुम्ही जिंकलात. ते मी नाकारत नाही.

तिसऱ्या प्रहरी अक्कानं बिनसाखरेचा चहा केला. पेटी उघडी, कोरडी होत पडलेली. माझ्याच्यानं राहवेना. घाटावर काय झालं ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, बाया घाटावर येत नाहीत आणि पुरुषांनी ते घरात बोलायचं टाळलं होतं. मी सगळं सांगितलं. मधूचं, काशीचं, दर्भाचं, माझ्या शब्दाचं. म्हटलं, "अक्का, उद्या सलीमभाई आला की माझा शब्द मोडतो. पाप लागलं तर मला लागेल. तू मनाला लावून घेऊ नको."

तिनं बशी खाली ठेवली. "किती वेळ नव्हता शिवला?"

"बराच वेळ."

"मंग तुले मधात बोलायले कोनी सांगतलं होतं?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "अक्का, पिंड तसाच राहिला असता."

"राहू द्याचा. मी इथी घरात बसून तेच म्हनत होती. नको शिवू. आज नको शिवू. उन्हात थांबू दे जरा त्याईले. मी किती वर्सं थांबली." तिचा आवाज चढलेला नव्हता. चहात बिस्किट बुडवावं तसं सांगत होती. "बाया रडून राह्यल्या होत्या, मले म्हने, काकू, देवाचं नाव घ्या. मी हात जोडून हेच नाव घेत होती. अन् तू तिकडे जाऊन मोकळं करून आला त्याईले."

मी शब्द मोडल्याचं ओझं घेऊन आलो होतो. तिनं ते बाजूला सारलं आणि त्याच्या जागी दुसरं ठेवलं. शब्द मी दिलाच का? पाय भाजत होते म्हणून? लोक पाहत होते म्हणून? इतकी वर्षं मी तिच्या नावानं तुमच्याशी भांडलो, पण तिला काय हवं आहे ते एकदाही विचारलं नाही. मला वाटत होतं तिच्या वाट्याचा राग मी धरतो आहे. तिच्याजवळ तिचा स्वतःचा होता, माझ्याहून जुना आणि जास्त नीट सांभाळलेला. तो मी घाटावर तुमच्या कावळ्याला खाऊ घालून आलो.

सूड घ्यायचा तर तिचा होता. मी मध्ये पडलो. याची माफी मी तिच्याकडे मागितली. तिनं दिली की नाही ते कळलं नाही. ती म्हणाली, "रबर सुकलं का पाह्य."

काल सलीमभाई आला. त्यानं आत डोकं घालून वास घेतला, रबरावरून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "वकीलसाब, वकालत छोडो, मेरे साथ लग जाव." मग काम करता करता सांगू लागला, "तुम्हारे भाऊजी हर साल मेरेकू बुलाते थे. इधरीच बिठाके चाय पिलाते. पूछते थे, सलीम, कितना टैम लगता, बाद में वापस बर्फ होता क्या? मैं बोलता, नहीं होता. फिर बोलते, शादी का सीजन हो जाने दो."

हे ऐकून मला तुमची दया यायला हवी होती. सलीमभाईलाही तेच अपेक्षित असावं, तो माझ्या तोंडाकडे पाहत थांबला. मला आला तो रागच. म्हणजे तुम्हाला कळत होतं. दर वर्षी कळत होतं. न कळणाऱ्या माणसाशी मी भांडतो आहे असं समजून मी निम्मा राग आतापर्यंत सोडून देत आलो होतो. तो आता परत घेतो.

रात्रभर आत पाण्याचा पेला ठेवायला सांगून सलीमभाई गेला. आज सकाळी अक्कानं झाकण उघडलं, पेल्यात बोट बुडवलं. पाणी पाणीच होतं, चांगलं गार. तिनं माठातल्या बाटल्या काढल्या, वाळू पुसली, एका स्वच्छ फडक्यावर त्या ओळीनं मांडल्या आणि झाकण लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा लावलं.  माझ्या अमरावतीच्या दुपारच्या गाडीची वेळ होत आली होती.

येत्या आठवड्यात तुमचं मासिक श्राद्ध आहे. निघताना मी तिला विचारलं, स्वयंपाकाला कोणाला बोलावू का.

"कावून? मले येत नाही का?" ती पाय पुढे घेऊन चपलेत कापूस भरत होती. बोटं गेली तिथं चप्पल मोकळी पडते, म्हणून ती रोज भरते. "वडे करीन, कारल्याची भाजी करीन, आमसुलाची चटनी. खीर करीन."

"त्यांना खीर दाट लागायची."

"दाटच करीन. दूध आटवाचं मले कोन शिकवते?" तिनं कापूस अंगठ्यानं दाबून बसवला. "साखर तेवढी टाकनार नाही. मी खातो तशी खातीन तेबी."

मी येणार आहे. पानावर बसून तीच खीर मीही खाणार आहे. तुम्हीही या, भाऊजी, पान मांडलेलं असेल. गोडाची वाट पाहू नका.